खाज आणि पुरळ: आधी नीट बघा, मगच काही लावा

अंगावर पुरळ उठलं की हात दोनच ठिकाणी जातो. एक तर खाजवायला, नाही तर औषधांच्या डब्यातली जुनी ट्यूब शोधायला. या दोन्ही गोष्टी अर्धा तास जरी लांबवता आल्या तरी बरंच काम होतं. साधं पुरळ बहुतेक वेळा थंडावा, ओलावा आणि थोडा धीर एवढ्यावर बसतं. ते चिघळतं नखांमुळे आणि न ओळखता लावलेल्या मलमामुळे. म्हणून या लेखात मलमं उशिरा येतील. त्याआधी काय करायचं ते क्रमाने बघू.

पहिलं मिनिट: हे घरी सांभाळण्याजोगं आहे का?

आधी माणसाकडे बघा, पुरळाकडे नंतर. श्वास घ्यायला त्रास होतोय का? ओठ, जीभ किंवा घसा सुजलाय का? आवाज अचानक बसलाय का? अंगभर गांधी (पित्ताचे फुगीर चट्टे) उठून उलट्या सुरू झाल्यात, चक्कर येतेय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, असं काही आहे का? यातलं एखादं जरी असेल तर ती तीव्र ॲलर्जी असू शकते. तिथे ॲलर्जीच्या गोळीने काम भागत नाही. लगेच रुग्णवाहिका बोलवा. माणसाला आडवं झोपवा आणि पाय थोडे उंच ठेवा. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करू नका आणि चालवू नका, कारण रक्तदाब अचानक कोसळू शकतो. डॉक्टरांनी पूर्वी ॲड्रेनलिनचं पेन (तीव्र ॲलर्जीवरचं तयार इंजेक्शन) दिलेलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचा. कपड्यावरून टोचलं तरी चालतं. 5 मिनिटांत उतार पडला नाही आणि दुसरं पेन जवळ असेल तर तेही द्या. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

लालसर किंवा जांभळट ठिपके असतील तर काचेचा स्वच्छ, पारदर्शक ग्लास घ्या आणि त्याची बाजू त्या ठिपक्यांवर घट्ट दाबा. साधं पुरळ दाबलं की फिकं पडतं. दाबूनही रंग तसाच राहिला तर त्वचेखाली रक्त उतरलेलं असतं. सोबत ताप, ताठ मान, जोराची डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर रक्तात पसरणारा गंभीर संसर्ग असू शकतो. तिथे सकाळपर्यंत थांबायचं नाही. सावळ्या त्वचेवर हे ठिपके चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, पोट आणि पापणीची आतली बाजू बघा.

शेवटचा प्रश्न औषधांचा. गेल्या दोन महिन्यांत नवीन गोळ्या सुरू केल्यात का? फिट्सवरच्या काही गोळ्या, गाउटसाठीचं (सांधे सुजवणाऱ्या आजारावरचं) ॲलोप्युरिनॉल आणि सल्फा गटातली औषधं यांमुळे क्वचित फार वाईट प्रकारचं पुरळ येतं. त्यात खाजेपेक्षा दुखणं जास्त असतं, तोंडात, डोळ्यांत किंवा जननेंद्रियांवर फोड येतात आणि कातडी सुटू लागते. तेव्हा पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

यातलं काही नसेल तर बसा. घाई करण्यासारखं काही नाही.

पहिला अर्धा तास: थंड घडी

1. अंगठी, घड्याळ, दागिने, घट्ट कपडे काढा. हात सुजल्यावर अंगठी निघत नाही, म्हणून ती आधी.

2. पुरळ आलेला भाग नळाच्या साध्या पाण्याने धुवा. झाडाचा चीक, रसायन किंवा किडा अंगाला लागल्याची शंका असेल तरच सौम्य साबण वापरा. एरवी साबण नको. जे कोरडं आणि चिडलेलं आहे ते साबणाने आणखी कोरडं होतं.

3. पातळ सुती फडकं घ्या आणि त्याची चार पदरी घडी करा. गार पाण्यात भिजवून थेंब गळणार नाहीत इतपतच पिळा. फार पिळलं तर थंडावा मिळत नाही, कमी पिळलं तर पाणी ओघळून कपडे भिजतात आणि माणूस कंटाळून घडी काढून टाकतो. ही घडी पुरळावर अलगद ठेवा. अंगाच्या उष्णतेने ती 3-4 मिनिटांत कोमट होते, तेव्हा पुन्हा भिजवा. असं 10 ते 15 मिनिटं. दिवसातून तीन-चार वेळा हे करता येतं.

4. घडी काढल्यावर मऊ कापडाने टिपून घ्या. घासायचं नाही. त्वचा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. मात्र घामोळं किंवा पाणी झिरपणारं पुरळ असेल तर ही शेवटची पायरी सोडा.

थंडाव्याने खाजेचा संदेश नेणाऱ्या नसा मंदावतात आणि सूज थोडी ओसरते, म्हणून गुण येतो. बर्फ त्वचेला थेट लावू नका. त्वचा बधिर होते आणि गोठून इजा झालेली कळत नाही. किडा चावलेल्या जागी बर्फ हवाच असेल तर कापडात गुंडाळून 10 मिनिटं, त्याहून जास्त नाही. इथे एक अपवाद लक्षात ठेवा: काहींना गार पाण्याने, गार वाऱ्यानेच गांधी उठतात. त्यांनी थंड घडी ठेवायची नाही.

गरम पाण्याने खाज पटकन थांबते हे खरं आहे, आणि तीच फसगत आहे. मिनिटभर बरं वाटतं, मग त्वचेतलं तेल धुऊन गेल्यामुळे आणि रक्त तिकडे धावल्यामुळे खाज दुपटीने परतते.

खाजवण्याचंही तसंच. नखांच्या ओरखड्याने जी वेदना होते ती घटकाभर खाजेला दाबते. पण त्याच वेळी त्वचेचा वरचा थर फाटतो, आतल्या पेशी चिडतात, खाज वाढवणारी द्रव्यं सुटतात आणि पुन्हा खाजवावंसं वाटतं. महिनोन्‌महिने हे चक्र चाललं की तिथली कातडी जाड, काळपट आणि रेघाळ होते. मग मूळ कारण गेलं तरी त्या जाड कातडीला खाज येतच राहते. "खाजवू नकोस" असं सांगून कुणीही थांबत नाही, लहान मूल तर नाहीच. हाताला दुसरं काम द्यावं लागतं: तळहाताने घट्ट दाबून धरा, बोटांनी थोपटा, किंवा पुरळाच्या शेजारच्या चांगल्या त्वचेला हलकासा चिमटा घ्या. नखं दर तीन-चार दिवसांनी कापा आणि कानशीने कडा गुळगुळीत करा. नुसत्या कापलेल्या नखाची कड जास्त बोचते.

आता उजेडात बघा

दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. पुरळ कुठे आहे, केव्हा खाजतं, कडा कशी आहे, एकाच बाजूला आहे की दोन्हीकडे, घरात आणखी कुणाला आहे का. एक फोटो काढा आणि शक्यतो शेजारी नाणं ठेवा, म्हणजे उद्या आकार वाढला का ते कळेल. पुस्तकांतल्या चित्रांत पुरळ लालभडक दाखवतात. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तेच तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतं. "लाल कुठे आहे?" म्हणून दुर्लक्ष करू नका. हात फिरवून बघा, उंचवटा, खरखर आणि गरमपणा बोटांना आधी कळतो.

गांधी, म्हणजे अंगावर पित्त उठणं. फुगीर, मधे फिकट आणि कडेने लालसर चट्टे, अचानक उठणारे. ओळखायची पद्धत सोपी आहे. एका गांधीभोवती पेनाने रेघ मारा आणि वेळ लिहून ठेवा. खरी गांध 24 तासांच्या आत त्या जागेवरून जाते, खूण न ठेवता, आणि दुसरीकडे नवी उठते. तीच गांध दिवसापेक्षा जास्त टिकली, दुखू लागली किंवा जाताना खरचटल्यासारखा काळानिळा डाग ठेवून गेली, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि डॉक्टरांना दाखवायला हवा. गांधींचं कारण दर वेळी खाण्यातच सापडतं असं नाही. साधा विषाणूसंसर्ग, औषध, किड्याचा दंश, घट्ट पट्ट्याचा दाब, थंडी, घाम यांतलं काहीही असू शकतं. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन जातीच्या वेदनाशामकांनी गांधी वाढू शकतात, म्हणून तेवढे दिवस ती टाळा. हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

कशाच्या तरी स्पर्शाने आलेलं पुरळ. याची जागाच कारण सांगते. बेंबीखाली गोल चट्टा असेल तर पँटचं धातूचं बटण, कानाच्या पाळीवर असेल तर निकेल असलेलं कानातलं, मनगटावर पट्टी असेल तर घड्याळ, कपाळ-कानामागे-मानेवर असेल तर केसांचा रंग, चौकोनी असेल तर चिकटपट्टी. इथे बहुतेक लोक चुकतात ते दिवसात. ॲलर्जीचं हे पुरळ स्पर्शानंतर लगेच येत नाही, साधारण 1 ते 3 दिवसांनी येतं. त्यामुळे आज सकाळी वापरलेल्या साबणावर संशय घेऊन उपयोग नाही, परवा काय वापरलं ते आठवा. आणि वर्षानुवर्षं चाललेली वस्तूही एके दिवशी चालेनाशी होऊ शकते. कारण काढून टाकल्यावरही पुरळ बसायला 2 ते 4 आठवडे लागतात. पाच दिवसांत फरक पडला नाही म्हणून "हे कारण नव्हतं" असं ठरवून ती वस्तू परत वापरायला काढू नका.

इसब. कोरडी, खरखरीत, भेगाळलेली त्वचा. मुलांत आणि मोठ्यांत कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत, बाळांत गालांवर. हा येतो-जातो. याला रोजची काळजी लागते, ती पुढे सांगितली आहे.

घामोळं. मान, पाठ, छाती, काखेच्या आसपास बारीक टोकेरी पुरळ, टोचल्यासारखी चुरचुर. घामाच्या नळ्या तुंबल्यामुळे येतं, त्यामुळे इथे तेल, व्हॅसलीन किंवा दाट क्रीम उलट काम करतं. अंग गार ठेवणं, सैल सुती कपडे आणि कॅलामाइन लोशन एवढं पुरे होतं. बाळाच्या अंगावर पावडर उधळू नका, ती श्वासात जाते.

गजकर्ण किंवा नायटा. गोल चट्टा, कड उंच आणि पापुद्रे सुटलेली, मधला भाग त्यामानाने साफ. जांघ, काख, कंबर, छातीखालची घडी या घामेजलेल्या जागा त्याच्या आवडीच्या. ही बुरशी आहे आणि तिच्यावर बुरशीविरोधी क्रीमच लागतं.

खरूज. त्वचेत शिरणाऱ्या बारीक किड्यांमुळे होते. रात्री अंथरुणात शिरल्यावर असह्य होणारी खाज, बोटांच्या बेचक्या, मनगट, काखेची कड, बेंबी, कंबर, जननेंद्रिय इथे बारीक पुरळ, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही खाज. हे तीनही जुळलं तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

नागीण. एकाच बाजूला, पट्ट्यासारखी, पाण्याने भरलेल्या फोडांची. पुरळाच्या आधी दोन-तीन दिवस तिथे आग किंवा ठणका असतो. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत जास्त उपयोग होतो, म्हणून इथे थांबून बघणं महागात पडतं. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, कारण डोळ्याला धोका असतो.

यातलं काहीच जुळत नसेल तर नाव ठरवण्याचा हट्ट नको. थंड घडी आणि साधं मॉइश्चरायझर हे वरचे अपवाद सोडले तर जवळपास कुठल्याही पुरळाला चालतं. औषधी मलमं मात्र नाही.

आंघोळ आणि मॉइश्चरायझर

आंघोळ कोमट पाण्याने, 5 ते 10 मिनिटांत आटपा. मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी गरम लागलं तर ते जास्त गरम आहे. साबण काख, जांघ आणि पावलांपुरता, तोही सुगंधविरहित. घासणी, लुफा, स्क्रब काही दिवस बाजूला ठेवा.

सर्वांगाला खाज असेल तर ओट्सचं पाणी खरोखर उपयोगी पडतं. साधे, काहीही न मिसळलेले ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे दळा. दळण जमलं का ते असं बघा: एक चमचा पीठ ग्लासभर पाण्यात ढवळा. पाणी दुधाळ झालं आणि बोटांना बुळबुळीत लागलं तर बरोबर, पीठ तळाशी बसलं तर अजून दळा. टबभर पाण्यात एक कप पीठ टाकून 10-15 मिनिटं बसता येतं. टब नसेल तर तीन-चार चमचे पीठ पातळ फडक्यात बांधा, बादलीच्या पाण्यात भिजवा आणि पुरचुंडी पिळून निघणारं पांढरं पाणी पुरळावर सोडा. फरशी फार निसरडी होते, वयस्कर माणसाला आधार द्या. ओट्सची ॲलर्जी असलेल्यांनी हे करायचं नाही.

अंग टिपल्यावर तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लागलं पाहिजे. त्वचेत शिरलेलं पाणी उडून जाण्याआधी वरून झाकण घालणं, इतकंच त्याचं काम. पूर्ण कोरड्या अंगावर लावलं तर कोंडून ठेवायला पाणीच नसतं. मलम जितकं चिकट तितकं ते पाणी जास्त धरून ठेवतं. व्हॅसलीन सर्वांत जास्त, मग क्रीम, आणि पातळ लोशन सर्वांत कमी. फार कोरडी त्वचा असेल तर रात्री व्हॅसलीन आणि दिवसा क्रीम अशी वाटणी सोयीची पडते. सुगंध, "नैसर्गिक अर्क", चमक देणारी द्रव्यं असलेलं काही नको. चिडलेल्या त्वचेला त्यांचीच ॲलर्जी होते.

प्रमाणात सगळे कमी पडतात. अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. छोटी ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ते लागतच नाहीये असं समजा. चोळू नका. ठिपके ठेवत जा आणि केसांच्या दिशेने, वरून खाली हात फिरवा. उलट दिशेने चोळलं की केसांच्या मुळाशी फोड येतात. डबीतून बोटाने न काढता स्वच्छ चमच्याने काढा. आणि एक धोका लोकांना माहीत नसतो: व्हॅसलीन आणि तेलकट क्रीम कपड्यांत, चादरीत मुरलं की ते कापड लवकर पेट घेतं. धुऊनही ते पूर्ण निघत नाही. असे कपडे घालून गॅसजवळ किंवा दिव्याजवळ जाऊ नका.

औषधं: कोणतं कशाला

*कॅलामाइन लोशन.* बाटली नीट हलवून घ्या, औषध तळाशी बसलेलं असतं. कापसाने पातळ थर लावा, वाळू द्या, दिवसातून तीन-चार वेळा. किड्याचे दंश, घामोळं, कांजिण्या, गांधी यांना चांगलं. ते त्वचा कोरडी करतं, म्हणून इसबाला आणि आधीच कोरड्या त्वचेला लावू नका. उघड्या जखमेवरही नको.

*ॲलर्जीची गोळी.* सेटिरिझिन मोठ्या माणसाला दिवसातून एकदा 10 मिलिग्रॅम. गांधींना तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो, कारण तिथली खाज हिस्टामिनमुळे, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या द्रव्यामुळे असते. इसबाच्या खाजेत हिस्टामिनचा वाटा कमी, त्यामुळे तिथे गोळीने फारसा फरक पडत नाही, आणि लोक निराश होऊन दोन-दोन गोळ्या घेतात. तसं करू नका. कमी झोप आणणारी म्हणतात, तरी काहींना तिने झोप येते. पहिला डोस रात्री घ्या, गाडी चालवायची असेल तेव्हा नको. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, स्तनपान आणि लहान मूल यांत डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

*हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का.* हे सौम्य स्टिरॉइड, म्हणजे लाली, सूज आणि खाज दाबणारं औषध. स्पर्शाने आलेलं पुरळ, दंश, इसबाचा छोटा चट्टा यांवर पातळ थर, दिवसातून एक ते दोन वेळा, जास्तीत जास्त 7 दिवस. मोजायला बोटाचं पेर वापरा: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला तेवढी पुरते. मॉइश्चरायझरही लावायचं असेल तर दोन्हींमध्ये 20 ते 30 मिनिटं जाऊ द्या. एकावर एक लावलं तर स्टिरॉइड पातळ होऊन नको तिथे पसरतं. चेहरा, जांघ, चिरलेली त्वचा आणि लहान मुलं यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेली, किंवा स्टिरॉइड, बुरशीविरोधी आणि जंतुनाशक औषध एकत्र केलेली क्रीमं घराघरांत असतात आणि शेजाऱ्याला "मला गुण आला" म्हणून दिली जातात. गजकर्णावर असं क्रीम लावलं की दोन दिवसांत लाली आणि खाज गायब होते. बुरशी मात्र जिवंत असते, त्वचेची तिच्याशी लढणारी ताकद तेवढी दबलेली असते. ट्यूब थांबवली की चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परततो, त्याची ती ओळखीची उंच कड नाहीशी झालेली असते आणि डॉक्टरांनाही तो चटकन ओळखता येत नाही. जांघेत महिनोन्‌महिने वापरलं तर कातडी पातळ होते आणि कायमच्या रेघा पडतात. ट्यूबवरची घटकद्रव्यं वाचा. नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सोल" आलं आणि ते काय आहे हे माहीत नसेल, तर औषधविक्रेत्याला विचारल्याशिवाय लावू नका. नुसत्या शेवटच्या अक्षरांवरही भरवसा नको: क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड, क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं औषध, आणि दोन्ही "सोल"-"झोल" ऐकायला सारखीच वाटतात.

*क्लोट्रिमॅझोल 1 टक्का.* गजकर्णासाठी. दिवसातून 2 ते 3 वेळा, चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे 2 सेंटिमीटरपर्यंत. चट्टा दिसेनासा झाल्यावरही 1 ते 2 आठवडे चालू ठेवा. इथेच लोक लवकर थांबतात आणि बुरशी परतते. घड्यांमधली जागा आंघोळीनंतर पूर्ण कोरडी करा. टॉवेल वेगळा ठेवा, आतले कपडे रोज बदला. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल किंवा चट्टे अनेक असतील तर गोळ्या लागू शकतात, त्या डॉक्टरच देतील.

*खरजेचं औषध.* परमेथ्रिन 5 टक्के क्रीम, डॉक्टरांनी निदान केल्यावर. मानेपासून तळपायापर्यंत प्रत्येक इंचाला, नखांखालीसुद्धा. रात्री लावून 8 ते 14 तासांनी धुवायचं. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. साधारण आठवड्याने पुन्हा एकदा लावायचं. ज्यांना खाज नाही अशा घरातल्या माणसांनीही त्याच रात्री लावायचं, कारण पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात. तोवर तो माणूस न खाजवताच इतरांना देत असतो. तान्ही बाळं आणि गरोदर बायका यांच्यासाठी वेगळी सूचना डॉक्टरांकडून घ्या. वापरलेले कपडे आणि चादरी 60 अंशांच्या पाण्यात धुवा. न धुता येणारं सामान पिशवीत घट्ट बांधून किमान 3 दिवस बाजूला ठेवा. औषध बरोबर लागलं तरी खाज 2 ते 4 आठवडे राहते. मेलेल्या किड्यांची ॲलर्जी ओसरायला तेवढा वेळ लागतो. म्हणून घाबरून रोज क्रीम चोपडू नका, त्याने नवंच पुरळ उठतं.

लिंबू, व्हिनेगर, लसूण, टूथपेस्ट, स्पिरिट, पाणी न मिसळलेलं जंतुनाशक यांतलं काहीही पुरळावर नको. खाजेच्या जागी आग झाली की "औषध लागलं" असं वाटतं. प्रत्यक्षात ती भाजलेली त्वचा असते.

रात्र

खाजेची खरी परीक्षा रात्री. अंथरुणात अंग तापतं आणि लक्ष दुसरीकडे नसतं. खोली गार ठेवा, पांघरूण पातळ, लोकरीचं काही अंगाला लागू देऊ नका. झोपण्याआधी तासभर मॉइश्चरायझर लावून ठेवा, म्हणजे चिकटपणा जिरतो. झोपेत खाजवणाऱ्याला सुती हातमोजे घाला. लहान मुलांना हातमोजे काढता येत असतील तर पायमोजे हातात चढवून त्यावर लांब बाह्यांचा शर्ट. उशाशी ओलं फडकं वाटीत ठेवा. मध्यरात्री उठून दिवा लावून सगळं शोधण्यापेक्षा अंधारात हात जाईल तिथे ते असलं की नखं कमी लागतात.

डॉक्टरांकडे कधी

त्याच दिवशी जा: पुरळाभोवती गरमपणा, सूज, ठणका वाढतोय, पू किंवा मधासारख्या पिवळ्या खपल्या आल्यात, ताप आहे. लालीच्या कडेला पेनाने रेघ मारा. काही तासांत ती रेघ ओलांडून पसरली तर संसर्ग पुढे जातोय. इसब असलेल्या माणसाला अचानक दुखणारे, मधे खळगा असलेले एकसारखे बारीक फोड आले तर तो नागिणीच्या कुटुंबातल्या विषाणूचा हल्ला असू शकतो, तिथेही थांबू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला पुरळ आणि 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर लगेच.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तळहात-तळपायांना पुरळाशिवाय खाज येत असेल आणि ती रात्री वाढत असेल, तर यकृतातून पित्त नीट न वाहण्याचा विकार असू शकतो. बाळासाठी तो महत्त्वाचा आहे आणि रक्ततपासणीत कळतो. "गरोदरपणात खाज येतेच" म्हणून सोडून देऊ नका.

दोन आठवडे घरची काळजी नीट घेऊन फरक नाही, झोप मोडतेय, गांधी सहा आठवडे होऊनही येतच आहेत, तर वेळ घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पुरळच नाही आणि तरी अंगभर खाज दोन आठवड्यांहून जास्त आहे, तर रक्ततपासणी लागते. लोहाची कमतरता, थायरॉइड, यकृत किंवा मूत्रपिंड यांचा त्रास कधी कधी फक्त खाजेच्या रूपाने दिसतो. सोबत वजन घटत असेल, डोळे पिवळे असतील किंवा रात्री घामाने अंथरूण भिजत असेल तर लवकर जा.

जाताना तारखेसकट काढलेले फोटो न्या, कारण गांधी दवाखान्यात पोहोचेपर्यंत हमखास गेलेल्या असतात. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, शेजाऱ्याने दिलेलीसुद्धा, पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. यात संकोच करण्यासारखं काही नाही, त्या ट्यूबवरूनच अर्धं निदान होतं. त्या सकाळी पुरळावर काही लावू नका. बुरशीची शंका असेल तर डॉक्टर कडेचे पापुद्रे खरवडून तपासायला घेतात, आणि क्रीम लावलेल्या त्वचेतून ते नीट मिळत नाहीत.